धाव सरल्यावर

श्रोतेहो, मराठी भाषेने कुत्र्यावर फारशी माया केलेली नाही. वाईट मरणाला आपण कुत्र्याची मौत म्हणतो. एखाद्याची दैना सांगायची तर त्याचे हाल कुत्रा खाईना म्हणतो. ज्याला कोठेच थारा उरला नाही, तो धोब्याचा कुत्रा, घरचा ना घाटचा. आजचे आमचे बोलणे या शेवटच्या म्हणीतील कुत्र्याविषयी आहे. घर आणि घाट ही दोन्ही ठिकाणे त्याला का उरली नाहीत, कोणी उरू दिली नाहीत, आणि ती परत मिळवून देता येतात की नाही, एवढाच आजचा विषय.

इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांत ग्रेहाउंड नावाच्या कुत्र्यांच्या शर्यतींचा मोठा धंदा गेल्या शतकात उभा राहिला. शर्यतीतून बाद झालेले कुत्रे घरी आणून सांभाळणारी कुटुंबे तिकडे आहेत. काहींच्या घरी एक-दोन नव्हे, तर सहा-सहा, आठ-आठ, कधी दहा-बारा कुत्रे एका छपराखाली नांदतात. धाराशिवच्या माणसाला हे ऐकून आधी हसूच येईल. जेथे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे दहा कुत्र्यांच्या पंगतीची गोष्ट म्हणजे रिकामपणाची हौस, असे कोणीही म्हणेल. परंतु धावण्यासाठी पाळलेल्या जनावराचे धावणे संपल्यावर त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न परदेशाचा नाही. तो आपल्या मुलखात फार जुना आहे. त्याला राजांनी एक उत्तर दिले, देवाने दुसरे दिले आणि गरिबाने तिसरे दिले. ही तिन्ही उत्तरे तपासून पाहिल्यावाचून आपल्याला परक्याच्या हौसेला हसण्याचा अधिकार नाही.

प्रथम कुत्रा कोणता ते पाहू. मराठवाड्यात आणि लगतच्या कर्नाटकात ज्याला कारवानी म्हणतात, तो आपला धावणारा कुत्रा. मुधोळकडे त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. कान-शेपटीला रेशमी केसांची झालर असली की तो पशमी. कारवान म्हणजे तांडा आणि पश्म म्हणजे लोकर, हे दोन्ही शब्द फारसी आहेत. इराण-तुराणाकडून आलेल्या तांड्यांबरोबर हे कुत्रे दख्खनेत आले, अशी परंपरा या नावांच्या आधाराने सांगितली जाते. लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला लागलेले पोट, काटक्यांसारखे पाय. अनोळखी माणसाला तो उपाशी वाटतो. वस्तुतः त्याची घडणच तशी. रस्त्यावरचा कुत्रा नाकाने माग काढतो, हा डोळ्याने काढतो. भरधाव असताना एका ढांगेत त्याचे चारही पाय दोन वेळा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग ताणलेले असताना आणि एकदा आवळलेले असताना. याच घडणीचा ग्रेहाउंड ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेग गाठतो.

पण या वेगाला मुदत आहे. पल्ला काही शे मीटरांचा, आणि उमेद चार-पाच वर्षांची. कुत्र्याचे आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे. म्हणजे नोकरीपेक्षा पेन्शनचा काळ मोठा! आपल्यात पेन्शनर मंडळी पुष्कळ असतील. त्यांना या हिशेबातील खोच वेगळी सांगावयास नको. धाव आणि आयुष्य यांच्यामध्ये जी सहा-सात वर्षे उरतात, त्यांचाच इतिहास आम्ही सांगत आहोत.

राजांचे उत्तर सर्वांत जुने. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने बाबिलोनच्या इराणी सुभेदाराची हकीकत लिहून ठेवली आहे. या सुभेदारापाशी हिंदुस्थानी कुत्र्यांचा एवढा मोठा बारदाना होता, की त्यांच्या खाण्यासाठी मैदानातील चार मोठी गावे लावून दिली होती आणि त्या गावांना बाकीचे सर्व कर माफ होते. आमच्या माहितीत हिंदुस्थानी कुत्र्यांच्या मोठ्या संसाराचा हा सर्वांत जुना जमाखर्च आहे.

आपल्या बाजूला या. राष्ट्रकूटांची सत्ता आपल्या या भागावर होती आणि त्यांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, येथून फार दूर नाही. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मांडलिक गंग राजा बुतुग यांच्या काळातील एक शिलालेख कर्नाटकात आतकूर येथे सापडला. तो शके 872 चा, म्हणजे इ. स. 949-50 चा आहे. बुतुगाचा मणलेर नावाचा वीर लढाईत पराक्रम करून आला. राजाने प्रसन्न होऊन, माग काय हवे ते, असे म्हटले. त्याने गाव मागितला नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाचा काळी नावाचा कुत्रा मागितला. पुढे हा कुत्रा एका रानडुकराशी झुंजला आणि दोघेही जागीच मेले. देवळापुढे कुत्र्याच्या नावाने दगड उभा राहिला, त्याला जमीन लावून दिली, आणि त्या दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने अन्न घेऊ नये असे त्यावर कोरले गेले. चोळांचा पराभव सांगणाऱ्या लेखातच एका कुत्र्याचे मरणही नोंदलेले आहे, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

त्यानंतर कल्याणीचे चालुक्य आले. त्यांची कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या शेजारचे. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील मानसोल्लास हा ग्रंथ इ. स. 1129 च्या सुमाराचा. त्यात राजाच्या करमणुकींचे जे वीस विनोद वर्णिले आहेत, त्यांत गीत, वाद्य, नृत्य यांच्या पंक्तीला सारमेयविनोद आहे. सारमेय म्हणजे सरमेची प्रजा, अर्थात कुत्रे. तात्पर्य, आठ-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या दरबारात शिकारी कुत्रा हा शास्त्राचा विषय होता.

साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट आपण ऐकलेली असेल. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचविला, तेव्हा महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असे परंपरा सांगते. त्याची समाधी संगम माहुलीला आजही दाखवितात. आणि जुनागडचा शेवटचा नवाब महाबतखान याने शेकडो कुत्रे पाळले, कुत्रीचे लग्न दरबारी थाटात लावले, आणि 1947 साली संस्थान सोडून पाकिस्तानात जाताना लाडके कुत्रे विमानातून बरोबर नेले, ही हकीकत तर अगदी अलीकडची.

या राजांच्या प्रेमात खोट होती असे आम्ही म्हणत नाही. पण इतिहासाने दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला असा की, काळीचा दगड उभा राहिला, खंड्याची समाधी झाली, पण त्यांच्याबरोबर धावलेल्या बाकीच्या कुत्र्यांचे काय झाले? त्यांची नोंद कोठेच नाही. राजाची कृपा पराक्रम करणाऱ्या एकावर झाली, धाव सरलेल्या अनेकांवर नव्हे. दुसरा प्रश्न असा की, बाबिलोनच्या त्या चार गावांतील धान्य कोणी पिकविले? कुत्र्यांच्या तोंडी गेलेला तो दाणा सुभेदाराच्या घामाचा नव्हता. दुसऱ्याच्या कोठारातून केलेली भूतदया ही निम्मीच भूतदया होय. शिवाय राजा गेला की जहागीर गेली, नवाब पळाला की पंगत उठली. एका माणसाच्या लहरीवर उभी असलेली व्यवस्था त्या माणसाबरोबरच संपते.

देवाचे उत्तर याहून टिकाऊ निघाले. आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यात, अणदूर आणि नळदुर्ग ही दोन गावे शेजारी शेजारी आहेत. दोन्ही गावांचा खंडोबा एकच. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, म्हणजे मैलारपूरला. पौष पौर्णिमेला तेथे त्याची मोठी यात्रा भरते. देव एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना दोन्ही गावांचे मानकरी करार करतात, लेखी करार! देवसुद्धा दोन गावांनी पाळीपाळीने, कागद करून सांभाळावा, हा व्यवहारीपणा आपल्या माणसांचा आहे. तो ध्यानात ठेवावा, कारण पुढे आम्हांला त्याचा उपयोग होणार आहे.

या खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतो. टाकांवर पाहा, मूर्तींत पाहा, घोड्याच्या पायाशी तो आहेच. मार्तंडभैरव हा भैरवाचाच अवतार आणि कुत्रा हे भैरवाचे वाहन. देवाला वाहिलेला वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवितो, भुंकतो, आणि कोटंब्यातला प्रसाद कुत्र्यासारखा तोंडाने खातो. ज्या समाजाने कुत्र्याच्या नावाने शिव्या घडविल्या, त्याच समाजाने देवापुढे कुत्रा होण्यात धन्यता मानली. यात विसंगती दिसते खरी, पण या श्रद्धेचा व्यवहारात एक परिणाम झाला. दारी आलेला कुत्रा हा देवाच्या घरचा, त्याला रिकाम्या पोटी हाकलू नये, ही समजूत रुजली. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे वेदांच्या रूपाने बसले आणि ती समजूत ब्राह्मणाच्या ओसरीपर्यंत पोहोचली. धावतो आहे की लंगडतो आहे, हे या व्यवस्थेत कोणी विचारीत नसे. चतकोर भाकरी सर्वांनाच.

तिसरे उत्तर गरिबाचे, आणि आमच्या मते तेच सर्वांत शहाणपणाचे. हे कुत्रे खरोखर जगविले ते धनगराने, पारध्याने, बेरडाने आणि माळरानावरच्या शेतकऱ्याने. नळदुर्गच्या बोरी नदीपासून मुधोळच्या घटप्रभेपर्यंतचा मुलूख नकाशावर आज दोन राज्यांत वाटला आहे, पण तेथले माळ, तेथला ससा, तेथले काळवीट आणि त्यामागे धावणारा कुत्रा एकच होता. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी हा कुत्रा प्रथम बेरडांपाशीच पाहिला, त्याची निवडक पैदास सुरू केली, आणि त्या जातीची एक जोडी इंग्लंडचा बादशहा पाचवा जॉर्ज याला नजर केली. तेव्हापासून जगाला मुधोळचे नाव कळले. बेरडाचे नाव मात्र मागेच राहिले. आणि पारध्यासारख्या शिकारी जमातींना तर इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरविले. तो शिक्का कायद्यातून 1952 साली पुसला गेला, माणसांच्या मनातून अजून पुरता पुसलेला नाही. ज्यांनी कुत्रा राखला ते गुन्हेगार आणि ज्यांनी तो मिरविला ते शौकीन, असा हा इतिहासाचा न्याय!

या गरिबाच्या वस्तीवर कुत्र्याला निवृत्ती नव्हती, कारण त्याचे काम आणि त्याचे घर एकच होते. तरुणपणी तो सशामागे धावे आणि शिकारीत त्याचा वाटा असे. पाय मंदावले की तो मेंढरांपाशी बसे. पाय गेले तरी कान राहतात. रात्री लांडग्याची चाहूल आधी त्यालाच लागे. कान गेले की दाराशी पडून राही आणि पोरे त्याच्या अंगावर लोळत. त्याचे काम बदलत गेले, घर बदलले नाही. म्हातारा कुत्रा सांभाळावा असा तेथे कोणी उपदेश केला नाही, कारण त्याला टाकावे कोठे, हा विचारच मुळी निघाला नव्हता. घरातून बाहेर काढल्याशिवाय कोणी बेघर होत नाही.

आता परदेशातल्या ग्रेहाउंडाकडे वळू. त्याच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्याचे काम घरापासून तोडले गेले. शतकानुशतके हा कुत्रा उमरावांचा सोबती होता. 1919 साली अमेरिकेत ओवेन स्मिथ नावाच्या माणसाने विजेवर पळणाऱ्या खोट्या सशाची धावपट्टी उभी केली. 24 जुलै 1926 रोजी इंग्लंडात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर तशी पहिली शर्यत झाली. घोड्यांच्या शर्यतीला जाण्यासाठी सुट्टी आणि पैसा दोन्ही लागत. कुत्र्यांची शर्यत संध्याकाळी, गिरणी सुटल्यावर, ट्रामने जाऊन पाहता येई. मजुरांची झुंबड उडाली. मिक द मिलर नावाच्या आयरिश कुत्र्याने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लिश डर्बी जिंकली आणि तो नटासारखा प्रसिद्ध झाला. मेल्यावर त्याचा देह पेंढा भरून वस्तुसंग्रहालयात ठेवला आहे. राष्ट्रकूटांच्या काळात दगड, इंग्रजांच्या काळात काचेची पेटी. गौरव पुन्हा एकाचाच!

बाकीच्यांचे काय झाले? जेथे कुत्र्याचा खर्च पैजेच्या पैशातून चालतो, तेथे हरणाऱ्या कुत्र्याची प्रत्येक भाकरी तोट्याच्या बाजूला मांडली जाते. 2006 साली इंग्लंडातील एका वृत्तपत्राने उघडकीस आणले की, सीहम गावातील एक मनुष्य थोडे पैसे घेऊन शर्यतीतून बाद झालेले निरोगी कुत्रे मारीत असे आणि आपल्या जागेत पुरीत असे. हे कित्येक वर्षे चालले होते आणि कुत्र्यांची संख्या हजारांत सांगितली गेली. तो माणूस राक्षस होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या दारी कुत्रे आणून देणारे मालक साधी संसारी माणसेच होती. हिशेबाने त्यांना तेथवर आणले होते.

याच समाजातून उलट दिशेची माणसेही निघाली, हेही सांगितले पाहिजे. 1975 साली इंग्लंडात निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी संस्था स्थापन झाली. पुढे अमेरिकेत ठिकठिकाणी तशा संस्था झाल्या. 2018 साली फ्लोरिडा राज्यातील मतदारांनी कौल दिला आणि 2020 अखेर तेथील शर्यती बंद झाल्या. त्याच 2018 च्या जुलैत मकाव येथील कुत्र्यांचे शर्यतीचे मैदान बंद झाले, तेव्हा मागे पाचशेहून अधिक ग्रेहाउंड उरले. त्यांना निरनिराळ्या देशांत घरे शोधून देण्यात आली. न्यूझीलंडच्या सरकारनेही डिसेंबर 2024 मध्ये या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या घरांना आपण आरंभी हसलो, ती घरे या पार्श्वभूमीवर पाहावयाची आहेत.

अशा घरात जीवन कसे असते? शर्यतीचा कुत्रा जन्मापासून भावंडांच्या कळपात आणि लोखंडी खोपटात वाढलेला असतो. त्याने जिना पाहिलेला नसतो. काचेचे दार त्याला मोकळी वाट वाटते आणि तो त्यावर आपटतो. आरशातला कुत्रा पाहून तो थबकतो. त्याच्या कानात आकडे गोंदलेले असतात, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा त्याला नावाने हाक मारली जाते. तो डोळे उघडे ठेवून झोपतो, आणि झोपेत कोणी हात लावला तर दचकून दातही लावतो. म्हणून त्याला आधी हाक मारावी आणि मग हात लावावा, हा घरातला पहिला नियम. त्याच्या अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत त्याला झूल घालावी लागते आणि निजायला गादी लागते, नाहीतर हाडांच्या टोकांना जखमा होतात. मांजर दिसले की क्षणात तो वाऱ्यावर स्वार होतो, म्हणून दोरीवाचून बाहेर नेता येत नाही. डॉक्टरांनी भूल देतानाही जपावे लागते, कारण काही औषधे त्याच्या शरीरातून फार सावकाश उतरतात. उलट त्याच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक असतात, म्हणून पुष्कळदा तो इतर आजारी कुत्र्यांना रक्त देणारा दाता ठरतो. धाव सरल्यावरही हा असा कोणाच्या तरी उपयोगी पडतो.

आणि असे दहा एका घरात असले की तो एक गावगाडाच होतो. प्रत्येकाची थाळी वेगळी आणि जागा ठरलेली. कोणाचे दात गेलेले, कोणाचा घोटा शर्यतीत मोडून वेडावाकडा जुळलेला. एकाने गळा काढला की सगळे मिळून सूर धरतात. पण या घराचे खरे नवल निराळेच आहे. जगातील सर्वांत वेगवान कुत्रे दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतात! चारही पाय आकाशाकडे करून, मान वाकडी टाकून ते निजतात. ज्याला धावण्यापलीकडे काही करू दिले नव्हते, त्याला स्वस्थ पडण्याची मोकळीक मिळाली की तो ती मनसोक्त भोगतो. उठला की येऊन माणसाच्या मांडीला आपले सगळे अंग टेकवून उभा राहतो. ना शेपटीचा फार गाजावाजा, ना उड्या. नुसता टेकतो. या घरातील माणसे पहाटे उठतात, दहा जणांना फिरवितात, औषधे देतात आणि दर एक-दोन वर्षांनी एकाला मूठमाती देतात. म्हातारे कुत्रेच घरी आणावयाचे म्हटल्यावर मरणही वरचेवर येणारच. हा शौक नव्हे. हिशेबाने घराबाहेर ठेवलेले जनावर पुन्हा उंबऱ्याच्या आत घेणे, म्हणजे गरिबाने न सांगता जे केले तेच जाणूनबुजून करणे, एवढाच या खटाटोपाचा अर्थ आहे.

मग आपल्या जिल्ह्याने यातून काय घ्यावे? आपल्याकडील शिकारी कुत्र्याची धाव म्हातारपणाने नव्हे, कायद्याने सरली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बांध घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. हे योग्यच झाले. माळावरचे काळवीट आणि ससा यांनाही जगण्याचा हक्क आहे. परंतु एका जनावराला वाचविताना दुसऱ्याची रोजी गेली, याची दखल कोणी घेतली नाही. त्यानंतर या कुत्र्याचा मान वाढल्यासारखा दिसतो. जानेवारी 2005 मध्ये मुधोळ हाउंडाचे टपाल तिकीट निघाले. 2016 च्या सुमारास सैन्याने मेरठच्या आपल्या केंद्रात मुधोळची पिल्ले शिक्षणासाठी घेतली. पंतप्रधानांनी 2020 साली आकाशवाणीवरून त्याची वाखाणणी केली. परिणामी पिल्लांना मागणी आली, भाव आला. कोल्हापूर-सांगलीकडे जत्रांतून कुत्र्यांच्या शर्यती लागतात. यात आनंद मानावा असे पुष्कळ आहे. पण आमच्या मनात भीतीही आहे, ती अशी.

आपल्या जिल्ह्याने एका जनावराला नाव दिले आहे. उस्मानाबादी शेळी सर्व देशात प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचे नाव 2023 साली धाराशिव झाले, तरी शेळी जुन्याच नावाने बाजारात जाते. तिची किंमत दुधात, करडात आणि मांसात आहे, म्हणून ती कधी बेवारस होत नाही. कारवानी कुत्र्याची किंमत केवळ त्याच्या धावण्यात आणि दिसण्यात मोजली जाऊ लागली, तर पाचव्या वर्षी त्याची किंमत शून्य होईल. ज्या दिवशी त्याची भाकरी तोट्याच्या बाजूला मांडली जाईल, त्या दिवशी सीहम आपल्या शिवेवर आले असे समजावे. शहरातील दोन खोल्यांत रुबाबासाठी नेलेले पिल्लू वर्षाभरात मोठे होते, त्याला धावायला मैदान नसते, आणि मग ते आडरस्त्याला सोडून दिले जाते. शर्यतीत पैजा लागू लागल्या की हाच रस्ता आणखी रुंद होतो. ज्या देशांनी हा धंदा शंभर वर्षे चालवून पाहिला, ते तो आवरीत असताना आपण त्याचा श्रीगणेशा करावा, हे शहाणपण नव्हे.

यास्तव आमच्या सूचना तीन आहेत, आणि तिन्ही साध्या आहेत. पहिली अशी की, पिल्लू विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून पुढील बारा वर्षांचा शब्द घ्यावा, आणि तो पाळवत नसेल तर कुत्रा परत घेण्याचा शब्द आपण द्यावा. दुसरी अशी की, या जातीची वंशावळ गावोगाव लिहून ठेवावी, आणि तीत ती राखणाऱ्या धनगर, पारधी, बेरड कुटुंबांचीही नोंद व्हावी. राजांनी ती केली नाही, निदान आपण करू. तिसरी सूचना गावांना आहे. रानडुकरांनी पिकांची नासाडी चालविली आहे आणि राखणीला माणूस मिळत नाही. धाव सरलेला कारवानी मारू शकणार नाही, मारूही नये, पण त्याचे कान शाबूत आहेत आणि त्याचा आवाज शिवारभर जातो. ज्याला घर नाही असा कुत्रा दोन वस्त्यांनी मिळून पाळीपाळीने सांभाळावा. हे अशक्य आहे असे निदान तुळजापूर तालुक्याने तरी म्हणू नये. ज्या दोन गावांनी आपला देव कागद करून वाटून सांभाळला, त्यांना त्या देवाचा कुत्रा सांभाळण्याची रीत कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको.